रोज ब्रश करूनही जटा का होतात? मोठ्या, केसाळ कुत्र्याची दोन ग्रूमिंगमधली देखभाल

ग्रूमरकडून कुत्रा घरी येतो तेव्हा नुसता झुळझुळीत असतो. या वेळी असंच ठेवायचं, असं आपण मनाशी ठरवतो. रोज संध्याकाळी ब्रश घेऊन बसतो, तोही लोळण घेऊन अंग देतो, ब्रशभर केस निघतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा नेलं की ग्रूमर कानामागे बोटं घालून म्हणतो, "इथे जटा झाल्यात. कापाव्या लागतील." पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

आमच्या घरी हे सलग तीनदा झालं. कुत्रा गोल्डन रिट्रीव्हर, नर, वजन ३४ किलो, नाव भालू. चौथ्या वेळी ग्रूमरने मला शेजारी बसवलं, भालूच्या मागच्या मांडीवरचे लांब केस एका हाताने वर धरले आणि माझं बोट मुळाशी टेकवलं. वरून रेशीम आणि खाली चक्क घोंगडी. बोट दाबलं तरी कातडी लागेना. म्हणजे दोन महिने रोज न चुकता मी त्या घोंगडीवरून ब्रश फिरवत होते.

तेव्हापासून जे शिकले ते इथे लिहितेय. जटा हा मुख्य विषय, कारण बाकीच्या बऱ्याच तक्रारी (अंघोळीनंतर येणारा वास, अचानक उठणारी लाल ओली जखम, न थांबणारी केसगळती) फिरून तिथेच येतात.

चूक कुठे होते

गोल्डन, जर्मन शेफर्ड, बर्नीज, न्यूफाउंडलंड, सेंट बर्नार्ड, हस्की, सामोयेड या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, राठ, पाणी झटकून टाकणारे. आणि त्यांच्या बुडाशी आखूड, मऊ, कापसासारखी लोकर. हंगाम बदलला की भराभर गळते ती मुख्यतः ही लोकर. पण गळली म्हणजे ती जमिनीवर पडलीच असं नाही. वरचे केस लांब आणि दाट असले की सुटलेली लोकर त्यांच्यातच अडकून बसते. त्यात ओल आली, घासणं आलं, की ती एकमेकींत गुंतून घट्ट होत जाते. लोकरीचा नमदा करतात तो याच युक्तीने: ओल, ऊब आणि रगड. कुत्र्याच्या काखेत हे तिन्ही फुकट मिळतं.

आपण काय करतो, तर मानेपासून शेपटीपर्यंत वरून लांब फटकारे मारतो. ब्रशचे दात वरच्या केसांत जेमतेम अर्धे उतरतात. वरचा थर मोकळा होतो, चमकतो, आणि आतला थर जसाच्या तसा राहतो. लहान कुत्र्यात ही चूक थोडीफार खपून जाते. मोठ्या कुत्र्याचे केसच इतके खोल असतात की वरून फिरवलेला ब्रश कातडीपर्यंत पोचतच नाही.

तुमच्याकडेही हेच होतंय का, हे तपासायला एक मिनिट पुरे. धातूची, लांब दातांची फणी घ्या, जिचे दात एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट असतात ती. ब्रश करून झाल्यावर मागच्या मांडीवर फणीचं टोक कातडीला टेकवा आणि तिथून केसांच्या शेंड्यापर्यंत ओढा. सरळ निघाली तर ठीक. मधे कुठेही थबकली, तर तिथे ब्रश झालेला नाही, मग वरून तो भाग कितीही सुंदर दिसो.

भांग पाडून विंचरणं

उपाय नवा नाही, फक्त चिकाटीचा आहे. माणसाच्या डोक्यावर पाडतो तसा कुत्र्याच्या अंगावर भांग पाडायचा. कुत्रा एका कुशीवर आडवा. सुरुवात खालून करायची, म्हणजे पायाच्या किंवा पोटाच्या कडेकडून. डाव्या हाताच्या तळव्याने वरचे सगळे केस उलटे वर दाबून धरायचे, इतके की खाली कातडीची पांढरट किंवा गुलाबी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेच्या खाली जे बोटभर केस मोकळे राहतात तेवढेच स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांचा चपटा ब्रश) मुळापासून शेंड्याकडे विंचरायचे. मग डाव्या हाताखालून आणखी बोटभर केस सोडायचे, नवी रेघ, पुन्हा विंचरणं. असं करत करत पाठीच्या कण्यापर्यंत जायचं.

रेघ दिसत नसेल तर थांबा. तिथेच काहीतरी अडलंय.

स्लिकरचा हात हलका हवा. त्याच्या तारा आधी स्वतःच्या हातावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, फिरवून बघा. तुम्हाला ओरखडा जाणवला तर तेवढा जोर त्यालाही लागतोय. एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवलं तर कातडी लाल होऊन भाजल्यासारखी होते, आणि पुढच्या वेळी ब्रश दिसला की कुत्रा पलंगाखाली. कोरडे केस विंचरू नका; पाण्यात थोडंसं कुत्र्यांचं कंडिशनर मिसळून स्प्रेच्या बाटलीने हलका शिडकावा द्या. कोरडे केस तुटतात, तुटलेले टोकदार केस पुन्हा गुंततात.

३४ किलोच्या कुत्र्याला असं नखशिखांत विंचरायला मला दीड तास लागतो. एका बैठकीत तेवढं ना त्याला झेपतं ना माझ्या कमरेला. म्हणून मी अंग वाटून घेतलंय: आज डावी मांडी आणि शेपूट, उद्या उजवी, परवा छाती आणि मान. रोज १५ मिनिटं, पण तेवढा भाग कातडीपर्यंत. रोज अख्ख्या कुत्र्यावरून पाच मिनिटं ब्रश फिरवण्यापेक्षा हे कितीतरी पटींनी उपयोगी पडतं, हे मी पैजेवर सांगते.

याला अपवाद चार जागा. कानामागचे मऊ केस, काखा, मागच्या मांडीचे आणि शेपटीखालचे लांब केस, आणि पट्टा किंवा हार्नेस जिथे घासतो ती जागा. या ठिकाणी एक दिवसाआड तरी फणी गेलीच पाहिजे. आणि घरात आल्यावर हार्नेस काढून ठेवा. आमच्या काखेतल्या निम्म्या गाठी या एका सवयीने गेल्या. ब्रश बदलून जे झालं नव्हतं ते पट्टा खुंटीला टांगून झालं.

पिल्लू मोठं होत असताना हे सगळं दुप्पट वाटतं. साधारण सहा महिने ते दीड वर्ष या काळात पिल्लाची मऊ लव जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात, आणि जुने-नवे एकमेकांत अडकून रोज नवी गाठ. तुमचं काही चुकत नसतं, हा काळच तसा. नसबंदीनंतरही काही लांब केसांच्या जातींत, विशेषतः गोल्डन आणि सेटरमध्ये, केस लोकरीसारखे होतात आणि गुंता वाढतो. पूडल किंवा पूडलच्या संकरातून आलेल्या मोठ्या कुत्र्यांचं गणित वेगळं. त्यांचे केस वाढतच राहतात आणि गळलेले केसही अंगातच राहतात. तिथे रोजचं विंचरणं जमत नसेल तर सरळ आखूड कापून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

झालेली जट सोडवताना

आधी बोटांनी. जट चिमटीत धरा, कातडीच्या बाजूला बोटांनी घट्ट आवळा म्हणजे ओढ कातडीवर येणार नाही, आणि दुसऱ्या हाताने ती केसांच्या दिशेने उभी फाडत दोन करा, मग चार. थोडं कॉर्नफ्लॉर चोळलं तर केस एकमेकांवरून घसरतात. मग फणीच्या शेवटच्या दोन दातांनी शेंड्याकडून उकलत मुळाकडे यायचं. मुळापासून ओढलं की जट आणखी आवळते आणि कुत्रा ओरडतो.

कात्रीबद्दल मात्र हात जोडून सांगते: जटेखाली कात्री सरकवून कापू नका. जट कातडीला चिकटून असते तेव्हा ती कातडी वर खेचून घेते. आपल्याला वाटतं आपण केस कापतोय, आणि कात्रीत कातडीची घडी येते. कुत्र्याची कातडी पातळ आणि सैल. अशी जखम लहान नसते, टाके पडतात. कापायचंच असेल तर जट आणि कातडी यांच्यामध्ये फणी आडवी सरकवा आणि फणीच्या वरच्या बाजूनेच कापा. फणी सरकत नसेल, तर ती जट तुमची नाही. ती ग्रूमरच्या मशीनची.

कानाच्या पाळीवर मोठी, जुनी, घट्ट जट असेल तर ती घरी मशीनने काढायच्या भानगडीतही पडू नका. इतके दिवस आवळून धरलेली पाळी एकदम मोकळी झाली की तिथे रक्त जोरात धावतं, कुत्रा डोकं झटकत सुटतो आणि पाळीत रक्त साठून ती फुग्यासारखी सुजू शकते. ग्रूमर अशा वेळी कान बांधून ठेवतात. त्यांना हे माहीत असतं.

अंघोळीनंतरचा वास

"काल अंघोळ घातली, आज पुन्हा ओल्या गोणपाटासारखा वास." ही दुसरी नेहमीची तक्रार. दहातल्या आठ वेळा कारण एकच असतं: बुडाची लोकर वाळलेली नसते. वरचे केस तासाभरात कोरडे लागतात, आपण समाधानाने टॉवेल वाळत घालतो, आणि आत कातडीला लागून ओल दिवसभर मुरत राहते.

क्रम असा ठेवा. अंघोळीआधी पूर्ण विंचरून घ्यायचं, नंतर नाही. गुंता भिजला आणि वाळला की गच्च होतो. जी गाठ आज बोटांनी सुटली असती ती उद्या कापावी लागते. मग कोमट पाणी, आणि पाइपचं किंवा हँडशॉवरचं तोंड कातडीला जवळजवळ टेकवून. वरून तांब्याने ओतलेलं पाणी राठ केसांवरून ओघळून जातं. त्या केसांचं कामच ते. शाम्पू बाटलीतून थेट अंगावर ओतला की पाठीवर एका जागी गोळा होतो आणि पोटाखाली पोचत नाही. एका रिकाम्या बाटलीत पाण्यात पातळ करून घ्या, साधारण एका भागाला दहा भाग पाणी (बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा). शाम्पू कुत्र्यांचाच हवा. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्या मानाने उदासीनकडे झुकणारी. आपला शाम्पू लागला की तिला कोरडेपणा आणि खाज येते. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो सहसा दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो. घड्याळ लावा, अंदाजाने दहा मिनिटं म्हणजे तीन मिनिटं होतात.

धुणं म्हणजे खरी कसोटी. पाणी स्वच्छ येऊ लागलं की संपलं असं वाटतं. तिथून पुढे आणखी तितकाच वेळ धुवा, काखा आणि मांड्यांचा आतला भाग विशेष. बुडाशी राहिलेला शाम्पू वाळून कोंड्यासारखा दिसतो, खाजवतो आणि नव्या गाठींना धरायला जागा देतो.

वाळवताना टॉवेल चोळू नका, दाबा. चोळणं म्हणजे हाताने नमदा करणं. पाणी टिपून झाल्यावर ड्रायर: आपल्या केसांचा असेल तर थंड किंवा अगदी कोमट हवेवर, सतत हलता, आणि डाव्या हाताने तोच भांग पाडत. कुत्र्यांसाठीचे जोरदार हवेचे ड्रायर उष्णतेने नाही तर झोताने पाणी उडवतात आणि सोबत सुटलेली लोकरही बाहेर फेकतात. घरात मोठा केसाळ कुत्रा कायमचा असेल तर माझ्या मते ही एकच महागडी वस्तू घ्यावी, बाकी अर्धा डझन ब्रशांची गरज नाही. आवाजाची सवय मात्र आधी आठवडाभर लावा. पहिले काही दिवस ड्रायर पलीकडच्या खोलीत चालू आणि इकडे खाऊ, एवढंच. गळपट्टा पूर्ण वाळेपर्यंत घालू नका.

नीट वाळवूनही वास जात नसेल तर नाक लावून जागा शोधा. ऐकायला विचित्र, पण उपयोगाचं. कानातून आंबूस वास येत असेल तर कानात यीस्ट किंवा जंतू वाढलेले असू शकतात. ओठांच्या घड्यांत लाळ साठते, सेंट बर्नार्ड आणि न्यूफाउंडलंडमध्ये तर हमखास. मागच्या बाजूला माशासारखा उग्र वास असेल आणि कुत्रा जमिनीवर बूड घासत असेल तर गुदग्रंथी भरल्यात. त्या घरी दाबायचा प्रयत्न करू नका, डॉक्टरकडे न्या.

सकाळी नव्हती, संध्याकाळी तळहाताएवढी

केसांखाली ओल राहिली, पिसू चावली, किंवा कान दुखतोय म्हणून गालाजवळ खाजवलं, की काही तासांत लाल, ओली, चिकट जखम उठते. हॉट स्पॉट म्हणतात ती. गोल्डन, लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड यांना ती जास्त होते. आधी केस चिकटलेले दिसतात, खाली काय आहे ते दिसत नाही. भालूला झाली तेव्हा मला ते वाळलेलं जेवण वाटलं. ओल्या फडक्याने पुसायला गेले आणि तो, जो कधी गुरगुरत नाही, गुरगुरला.

ही जखम फार दुखते, त्यामुळे चावरा नसलेला कुत्राही चावू शकतो. वरून मलम थापू नका. केस आणि मलम मिळून झाकण तयार होतं आणि आत ती पसरते. चाटणं थांबवा, गळ्यात कोन (जखमेपर्यंत तोंड पोचू न देणारी शंकूसारखी कॉलर) घाला, आणि त्याच दिवशी दवाखाना. तिथे आजूबाजूचे केस काढून जखम उघडी केली जाते. उघडी झाल्यावर ती आपल्याला वाटली त्याच्या दुप्पट निघते.

गळती थांबत नाही, मग भादरून टाकावं?

नाही. दोन थरांच्या कुत्र्यांत तरी नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. सुटलेली लोकर काढून टाकलेले, मोकळे केस हवा खेळू देतात आणि ऊनही अडवतात. भादरलं की कातडी उन्हात उघडी पडते. गळती थांबत नाहीच, फक्त लांब केसांऐवजी आखूड, टोचणारे केस सोफ्यात रुततात. शिवाय हस्की, मॅलम्यूट, सामोयेड, चाऊ यांच्यात भादरलेल्या जागी केस परत यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं, आणि येतात ते ठिगळांसारखे. सगळ्या कुत्र्यांत असं होतं असं नाही, पण कोणात होईल हे आधी कळत नाही.

पूर्ण जटांनी माखलेला कुत्रा किंवा शस्त्रक्रिया ही कारणं वेगळी. तिथे सौंदर्य बाजूला ठेवायचं.

गळतीच्या दिवसांत बोथट दातांचा रेक (छोट्या दंताळ्यासारखा ब्रश) चालवा, पण तोही भांग पाडून आणि एका जागी चार-पाचदाच. पात्यासारखी धार असलेली डीशेडिंग (म्हणजे सुटलेले केस काढायची) अवजारं फार मोहात पाडतात, कारण ढीगभर केस निघतात. त्या ढिगात वरचे तुटलेले राठ केसही असतात. ढीग उचलून बघा: मऊ, आखूड लोकर असेल तर बरोबर चाललंय, लांब चमकदार केस दिसू लागले की हात आवरा.

दोन्ही कुशींवर सारखेच टक्कल पडत चाललं, केस निस्तेज झाले, कुत्रा सुस्त आणि जाड होत गेला, तर तो ब्रशचा प्रश्न नाही. थायरॉईडची तपासणी करून घ्या. मध्यमवयीन मोठ्या कुत्र्यांत, गोल्डन आणि डोबरमनमध्ये विशेष, हा आजार नवलाचा नाही.

नखं आणि पंजे

फरशीवर टिकटिक आवाज आला की नखं वाढलीत. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हे दिसण्यापुरतं नसतं. वाढलेलं नख प्रत्येक पावलाला बोट वर ढकलतं आणि ३०-४० किलोचं वजन चुकीच्या कोनात सांध्यांवर येतं.

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही, आणि मोठ्या कुत्र्यांची नखं बहुधा काळीच. म्हणून एका घावात तुकडा पाडायचा नाही. एक-दोन मिलिमीटरचे काप घ्यायचे आणि दर वेळी कापलेला भाग समोरून बघायचा. आधी तो कोरडा, खडूसारखा दिसतो; मग मध्यभागी गडद, ओलसर ठिपका उमटतो. ठिपका दिसला की पुरे. नस नखाबरोबर लांबलेली असते, पण आठवड्याला थोडं थोडं कापत राहिलं की तीही मागे सरकते. महिन्यातून एकदा मोठं कापण्यापेक्षा हे बरं.

जाड नखांना छोट्या भोकाचा कटर चालत नाही. तो कापण्याऐवजी चेंगरतो. पक्कडीसारखा, धारदार घ्या. घासायचं मशीन वापरत असाल तर एका नखावर दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, तापतं. आणि लांब केसांच्या कुत्र्यात एक धोका: फिरत्या चक्रात पंजाचे केस गुंडाळले जातात. यावर जुना पातळ मोजा चढवायचा आणि त्यातून फक्त नखं बाहेर काढायची. भालू मोज्यात हास्यास्पद दिसतो, पण चक्र केसांपासून दूर राहतं.

चुकून नस कापली गेलीच तर घाबरून ओरडू नका, त्याचं लक्ष तुमच्या चेहऱ्याकडेच असतं. रक्त थांबवायची पावडर किंवा ती नसेल तर कॉर्नफ्लॉर दाबून धरा. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना. पंजाच्या आतल्या बाजूला वर असलेलं अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि गोल वळून मांसात घुसतं. केसांत दडलेलं असतं म्हणून हाताने चाचपा.

पंजाच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला कापा, बोथट टोकाच्या कात्रीने. बोटांच्या फटीत खोल जायचं नाही. तिथे चिखल, खडे आणि गोचीड सगळंच मिळतं. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला लागून पकडा आणि सरळ वर ओढा. पेटवणं, तेल ओतणं हे सगळं वाया. म्हातारा कुत्रा गुळगुळीत फरशीवर घसरत असेल तर औषधाच्या आधी हे केस कापून बघा. गाद्या फरशीला लागल्या की पकड येते.

कानांचं थोडक्यात. कापसाच्या काड्या नकोत. कुत्र्याच्या कानाची नळी खाली जाऊन आत वळते, काडीने मळ त्या वळणात ढकलला जातो. कानाचं द्रावण भरा, कानाचं बूड बाहेरून अर्धा मिनिट चोळा, त्याला डोकं झटकू द्या, बाहेर आलेलं पुसा. कान लाल, दुखरा किंवा डोकं एका बाजूला कललेलं असेल तर काहीच घालू नका, आधी दाखवा.

तो उभाच राहत नाही

मोठ्या कुत्र्याला धरून ठेवता येत नाही, हे जितक्या लवकर मान्य कराल तितकं सोपं. टेबलावर चढवायचाही हट्ट नको. तिथून उडी पडली तर त्याचाही खांदा जातो आणि तुमचीही कंबर. जमिनीवर न घसरणारी चटई अंथरा, कायम तीच. चटई अंथरली की काय होणार हे त्याला कळलं पाहिजे. समोर एक ठेंगणा स्टूल, त्यावर गुंडाळलेला टॉवेल, आणि त्यावर हनुवटी टेकवायला शिकवा. हनुवटी टेकलेली असेपर्यंत ब्रश चालतो, उचलली की ब्रश थांबतो. पहिल्या आठवड्यात हे म्हणजे तीन सेकंदांचा खेळ वाटतो. भालूला शिकायला महिना लागला, पण आता तो स्वतः येऊन हनुवटी ठेवतो. कधी कधी ब्रश माझ्या हातात नसतानाही.

अंग ताठ झालं, श्वास रोखला, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, जीभ ओठांवरून भराभर फिरू लागली, की तो गुरगुरायच्या आधीचं सांगणं सांगतोय. तिथेच थांबा. बहुतेक वेळा तुमच्या ब्रशखाली एक गाठ असते आणि ती दुखत असते. भालू "डाव्या बाजूला हात लावू देत नाही" असं मी दोन महिने म्हणत होते. त्या बाजूला काखेत गाठ होती.

हल्ली भेटीच्या आदल्या रात्री मी फणी घेऊन पूर्ण अंग तपासते आणि जिथे अडकते त्या जागा कागदावर लिहून ग्रूमरकडे देते, म्हणजे त्याला अंघोळीआधीच कळतं. सुरुवातीच्या चिठ्ठीत नऊ जागा होत्या. गेल्या वेळी एकच ओळ होती: उजव्या कानामागे, सुपारीएवढी, मला सुटली नाही.